बारा फुटी की नऊ फुटी

गडचांदूरच्या वर्कशॉपसमोर दोन हेडरं शेजारी शेजारी पडली होती आणि ज्योत्स्ना उरकुडे कधी या हेडरकडे तर कधी त्या हेडरकडे बघत उभी होती. हेडर म्हणजे हार्वेस्टरचं पुढचं तोंड. पीक कापायचं आणि मशीनच्या पोटात ढकलायचं ते त्यानंच. एक हेडर बारा फुटी होतं, ताठ, धानासाठी वापरून वापरून कडा घासून चकाकलेलं. दुसरं नऊ फुटी. त्याची कापायची पट्टी ताठ नव्हती. जमीन जशी उंचसखल असेल तशी ती वरखाली होत जायची.

"ताई, मोठं लावू," प्रणित म्हणाला. प्रणित तिचा धाकटा भाऊ. आपलं हार्वेस्टर घेऊन तो नागभीडहून बहिणीच्या हाकेला धावून आला होता. "आभाळ पाह्य कसं भरून राह्यलं. मोठ्यानं दुपारपर्यंत वावर साफ. हे लहानगं लावलं तं संध्याकाळ होईन, अन् तेवढ्यात पाऊस आला तं गेलं सारं."

माणिकगडच्या डोंगरावर खरोखरच ढगांनी ठाण मांडलं होतं. सोयाबीन वाळून कडक झालं होतं. वाऱ्याची झुळूक आली तरी शेंगा तडकत होत्या. एका पावसात भिजून पुन्हा ऊन पडलं की दाणे जमिनीवर, हे लहान पोरालाही कळत होतं. एरवी अशा वेळी गावातल्या पंधरा-वीस बाया विळे घेऊन उतरल्या असत्या आणि दोन दिवसांत सोंगणी आटोपली असती. पण यंदा तिच्या खैरगावात एकही बाई नाल्याकडच्या वावरात पाय ठेवायला तयार नव्हती. नाल्याच्या ओल्या रेतीत वाघिणीचे पंजे उमटले होते. वनरक्षक सुनिल स्वतः येऊन सांगून गेला होता, "वहिनी, अंदर बसू नोका. ती इथीच फिरून राह्यली."

त्याने सांगायची गरज नव्हती. उरकुड्यांच्या घरात ते कोणालाच सांगावं लागत नव्हतं.

मागच्या वर्षी याच वावरात, याच दिवसांत, ज्योत्स्नाची मोठी जाऊ नीलिमा सोयाबीन सोंगत बसली होती. सोंगणी बसूनच होते. पाठ वाकलेली, मान खाली. दुरून पाहणाऱ्या जनावराला ते माणूस दिसतच नाही, चार पायांचं काहीतरी चरताना दिसतं. तुरीच्या तासातून, म्हणजे ओळीतून, वाघीण कधी आली ते कळलंही नाही. ज्योत्स्ना पलीकडच्या तासात होती. तिनं जाऊबाईचा आवाज ऐकला, तो किंकाळीसारखा नव्हता, दम अडकल्यासारखा होता. ती उठली, पदर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि ओरडत सरळ त्या जनावराच्या अंगावर धावली. आपण असं का केलं हे तिला नंतरही सांगता आलं नाही. वाघिणीनं सोडलं आणि ती नाल्यात उतरली. नीलिमा वाचली, पण तिचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. त्या दिवसापासून तिनं घराचा उंबरा ओलांडला तो फक्त दवाखान्यासाठी. पूर्वी साऱ्या बायांच्या पुढं गाणं म्हणत जाणारी ही बाई आता मागच्या अंगणात कोंबड्या राखत बसायची. कुत्रं भुंकलं तरी दचकायची.

म्हणून ज्योत्स्नानं जिद्द धरली होती, आपल्या वावरात आता कोणी विळा घेऊन बसणार नाही. नवरा अजय सिमेंटच्या फॅक्टरीत शिफ्टवर, सासरे दादाजी थकलेले. शेती तीच बघायची. नागभीडकडच्या धानाच्या गावात वाढलेली ती. लग्न होऊन इथं काळ्या मातीत आली तेव्हा कापूस वेचायलाही तिला शिकवावं लागलं होतं, आणि शिकवलं होतं नीलिमानंच.

"मोठ्या हेडरनं तुरीचं काय?" तिनं विचारलं.

प्रणितनं खांदे उडवले. "तूर जाईन. सहा तास सोयाबीन अन् मंग दोन तास तूर, असं पेरलं तुह्या सासऱ्यानं. त्या सहा तासात बारा फूट मावतच नाई. आडवीतिडवी पाडत जाऊ. अन् बरंच हाय ना? वावर उघडं होईन. वाघ लपन कुठी?"

हे मात्र तिच्या मनातलंच बोलला तो. तुरी माणसाच्या छातीएवढ्या वाढल्या होत्या आणि गेल्या वर्षी ती वाघीण तुरीतूनच आली होती. ज्योत्स्नानं बारा फुटी हेडरवर हात ठेवला. गार लोखंड. "लाव" म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मग म्हणाली, "थांब. घरी एक फोन करतो."

फोन दादाजींनी उचलला. तूर जाणार हे तिनं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "माय, माणसापरीस तूर मोठी नाई. तुले जे वाटते ते कर." त्याच्या हातातून फोन कोणीतरी घेतला. नीलिमा होती. शेतीबद्दल ती वर्षभरात एक शब्द बोलली नव्हती.

"ज्योत्स्ना, मशीन कसं फिरवणार हाय तो?"

"कसं म्हंजे? कडेकडेनं गोल फिरवत मधात जाईन."

"अन् जनावर असन तं?"

ज्योत्स्नाची नजर बारा फुटी हेडरवर गेली.

"चारी बाजूनं कापत गेलं तं ते मधातच दबून राह्यते," नीलिमा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "शेवटचा तुकडा राह्यला की ते फुटते. कोणाच्याही अंगावर फुटते. तूर उभी राहू दे. तासातासानं नाल्याकडं जा. तिले तुरीतून निघून जायले वाट राह्यते. मी रोज तेच पाह्यतो डोळ्यापुढं. तिले जायले जागा पायजे, बाप्पा. मले फक्त एवढंच समजते."

ज्योत्स्ना फोन ठेवून पुन्हा हेडरांकडे आली. आता ती वाकून बघू लागली. ताठ हेडरची पट्टी जमिनीपासून वीतभर वर चालणार, कारण खाली आणली तर दगडावर आपटते. सोयाबीनला तर पार बुडाशी, दोन बोटांवर शेंगा लागतात. त्या सगळ्या बुंध्याला तशाच राहणार. आणि मागं राहिलेल्या शेंगा खायला कोण येतं हे जंगलाकाठच्या माणसाला कोणी सांगायला नको. रानडुकरं. आणि डुकरांच्या मागं कोण येतं?

"मोठं लावलं तं आपण डुकराले जेवण वाढून ठेवू," ती म्हणाली. "अन् डुकराच्या मागं ती. वावर उघडं झालं तरी ती येईनच. लहान लाव, प्रणित."

"ताई, दिमाग खराब झाला का तुहा? या वावरात दगड हाय. चुनखडीचे, धारदार. हे खालून चालते, एखादा दगड आत गेला की दाते गेले. अन् पाऊस आला तं मले दोष देऊ नोको."

"नाई देत."

"लिहून दे."

"लिहून काय देऊ? मी मशीनवर तुह्यासंगं उभी राह्यतो."

तो चिडलाच. पण त्यानं नऊ फुटी हेडर लावलं. बोल्ट मात्र रागारागानं आवळले.

मशीन वावरात पोचलं तेव्हा सकाळचं ऊन ढगांमुळं पिवळं पडलं होतं आणि वारा थांबला होता. रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, धान्य तिच्यात ओतायचं होतं. सुनिल आणि दोन माणसं टिनाचे डबे घेऊन आली होती. आणि ट्रॉलीत, पोत्यावर, उजव्या हातानं कठडा घट्ट धरून नीलिमा बसली होती. ज्योत्स्नाला वाटलं तिला खाली उतरवावं, घरी पाठवावं. दादाजींनी मान हलवली. "म्या नाई आणलं. स्वतःच चढली."

सोयाबीनचा पहिला पट्टा कापायला घेतला. तास रस्त्यापासून सरळ नाल्यापर्यंत जात होते. नाल्याकाठी पडीक गवताची पट्टी होती, तिथं मशीन वळवता येत होतं. नऊ फूट तोंड तुरीच्या दोन ओळींमध्ये नेमकं बसलं. दोन्ही कडांच्या टोकदार पाट्यांनी तुरीच्या फांद्या हळूच बाजूला सारल्या आणि पट्टी जमिनीला चिकटून पुढं निघाली. ज्योत्स्ना प्रणितच्या शेजारी दांडा धरून उभी होती. मागं वळून पाहिलं तर बुंधे बोटभर उरले होते, शेंगा जवळपास नाहीत. प्रणितनंही पाहिलं. त्याचा राग जरासा सैल झाला.

एकेक पट्टा होत गेला. ट्रॉली भरत गेली. ज्योत्स्नाची नजर मात्र सोयाबीनवर नव्हतीच. ती तुरीच्या शेंड्यांकडे बघत होती. शेंडा हलला की तिचं काळीज हलायचं. एकदा पुढं दूरवर तूर जोरात फाटल्यासारखी झाली आणि काळंभोर काहीतरी बाहेर उसळलं. प्रणितनं ब्रेक दाबला. रानडुकराची मादी आणि तिच्यामागं पाच-सहा पिल्लं, शेपट्या वर करून नाल्याकडे पळाली. रस्त्यावरची माणसं हसली, डबे बडवले. ज्योत्स्नाला हसू आलं नाही. डुकरं इतका वेळ दबून बसली होती, मग निघाली कशानं? मशीन तर अजून दूर होतं.

अर्ध्याहून जास्त वावर झाल्यावर डोंगराकडून गार वारा सुटला आणि पावसाचा वास आला. प्रणितनं वेग वाढवला. आणि नाल्याकडच्या उतारावर, जिथं जमीन ओलसर होती, तिथं हेडरमधून खाडकन आवाज झाला. मग घरघर. मग पट्टी थांबली.

"बोललो होतो ना!" प्रणित किंचाळला. "गोटा गेला आत!"

त्यानं हेडर उचललं आणि मशीन मागं घ्यायला बघितलं. चढावर ओल्या मातीत चाकं जागच्या जागीच फिरायला लागली. पुन्हा बघितलं, चाकं आणखी रुतली. मागं जाता येत नव्हतं. पुढं जायचं तर पट्टी चालायला हवी होती. दोन्ही बाजूंना छातीएवढी तूर, समोर हातभर उंच सोयाबीन आणि त्यापलीकडं नाला.

"उतरावं लागन," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "गोटा काढतो, मोडलेला दाता बदलतो. तू वरच राय. इंजिन चालू राहू देतो. आवाजानं ती जवळ नाई येणार."

ज्योत्स्नाचा हात किल्लीकडे गेला. लहानपणी त्यांच्या शेजारच्या मुखरूकाकाचा हात असाच चालू मशीनमध्ये गेला होता. पट्टी अडकलेली असते, दगड निघाला की झटक्यात सुटते, आणि बोटं तिथंच असतात. प्रणितनंही ते पाहिलं होतं. पण आज तो वाघिणीला जास्त घाबरत होता. तीही घाबरत होती. आवाज बंद केला तर जनावर जवळ येईल, नाही केला तर भावाचा हात.

तिनं किल्ली फिरवली, काढली आणि कनवटीला खोचली.

"ताई!"

"हात राह्यले तं मशीन चालवशीन. चाल, मी येतो तुह्यासंगं."

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली तिनं कान बधिर झाल्यासारखे झाले. मग एकेक आवाज यायला लागला. वाळलेल्या शेंगांची खुळखुळ. दूर कुठंतरी ढगांचा गडगडाट. दोघं खाली उतरली. प्रणित हेडरपुढं वाकला, पाना घेऊन. ज्योत्स्ना त्याच्यामागं उभी राहिली, पाठ त्याच्याकडे आणि तोंड तुरीकडे. नाल्यापलीकडच्या झाडांत एक माकड खोकल्यासारखं ओरडलं. थांबलं. पुन्हा ओरडलं.

"लवकर," ती म्हणाली.

"करूनच राह्यलो ना."

"प्रणित, लवकर."

आणि तेवढ्यात रस्त्याकडून, ट्रॉलीवरून, आवाज आला. गेल्या वर्षभरात त्या घरानं तो आवाज इतका मोठा ऐकला नव्हता.

"ज्योत्स्ना! उजवीकडं! तूर हलून राह्यली! बसू नोको! उभी राय! उभी राय, माय!"

नीलिमा ट्रॉलीच्या कठड्यावर चढून उभी होती. तिला वरून दिसत होतं ते ज्योत्स्नाला खालून दिसत नव्हतं. इंजिन चालू असतं तर तो शब्द इथवर पोचलाही नसता.

उजवीकडच्या तुरीत दोन झाडांच्या मधली जागा गडद झाली. मग ज्योत्स्नाला डोळे दिसले. वाघीण बसलेली नव्हती. उभी होती आणि मान थोडी खाली घालून प्रणितच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती.

ज्योत्स्नानं एक पाऊल बाजूला टाकलं आणि वाघीण व भाऊ यांच्या मधोमध आली. दोन्ही हात वर केले. मग तिनं तसंच, हात वर धरून, हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. "जा. तुह्या रस्त्यानं जा. तिकडं नाला हाय. जा माय, जा."

"ताई, कोणासंगं बोलून राह्यली?" प्रणितनं वाकूनच विचारलं.

"उठ. हळूच. पळू नोको. माह्यासंगं उभा राय."

तो उठला. त्यानं पाहिलं. त्याच्या हातातला पाना गळून पडला आणि लोखंडावर आदळला. त्या आवाजानं वाघिणीनं कान मागं टाकले. रस्त्याकडून डबे वाजू लागले, सुनिल ओरडत होता, पण धावत कोणी येत नव्हतं आणि तेच बरं होतं. वाघीण त्या दोघांकडे बघत राहिली. किती वेळ, ते दोघांपैकी कोणालाच पुढं सांगता आलं नाही. मग तिनं तोंड वळवलं आणि तुरीच्या त्याच ओळीतून, अंगाला पान न घासता, नाल्याकडे निघाली. शेंडे हलत गेले, हलत गेले, आणि काठाशी थांबले. नाल्यातल्या पाण्याचा आवाज झाला.

ज्योत्स्नाचे हात खाली येत नव्हते. प्रणितनं ते धरून खाली आणले.

"गोटा निघाला का?" तिनं विचारलं.

"काय?"

"गोटा, प्रणित."

निघाला होता. मुठीएवढा, पांढरा. एक दाता मोडला होता. नवा दाता बसवून बोल्ट ज्योत्स्नानंच फिरवला, आणि या वेळी प्रणित तिच्यामागं उभा राहिला. मग दोघं वर चढली आणि तिनं किल्ली लावली. मशीन पुढं सरकलं, नाल्याकाठी वळलं आणि पुढच्या पट्ट्यात शिरून चढ चढून आलं.

पाऊस शेवटचे चार पट्टे राहिले असताना आला. टपोरा, झोडपणारा. ट्रॉलीवर ताडपत्री ओढली गेली. ते चार पट्टे भिजले आणि नंतर त्यांचं फारसं काही हाती लागलं नाही. रस्त्यावर आल्यावर प्रणित मशीनच्या चाकाला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडला. दादाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

नीलिमा ट्रॉलीतून उतरायला तयार नव्हती. ती पावसात, ताडपत्रीच्या कडेला, भिजत बसली होती. ज्योत्स्ना तिच्याशेजारी चढली.

"बाई, चाला घरी."

"थांब जराशी," नीलिमा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मले पाहू दे. वर्षभर म्या हे वावर आंधारातच पाह्यलं. डोळे मिटले की. आज उजेडात पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी सुनिलनं वावर फिरून पाहिलं. त्याला दाट तुरीखाली, जिथं पावसाचा मार पोचला नव्हता, तिथल्या ओलीत मोठ्या पंजांसोबत लहान पंजेही सापडले. बछडे होते. तुरीतून निघून ते नाल्याच्या वळणावर, कपारीत गेले होते. तो म्हणाला, "वहिनी, गोल फिरवत मधात गेले असते ना, तं ती पिल्लं मधातच अडकली असती. मंग तिनं कोणाले सोडलं नसतं." ज्योत्स्नानं ऐकून घेतलं. त्या दिवशी तिनं जेवण केलं नाही, आणि नवरा शिफ्टवरून आला तेव्हा ती भिंतीला टेकून झोपलेली होती.

त्या हंगामात खैरगावातल्या आणखी काही घरांनी प्रणितला बोलावलं. त्यानं नऊ फुटी हेडर काढलंच नाही. वावरात शिरण्याआधी तो आता नाला कुठं आहे ते विचारायचा, आणि ज्योत्स्नाला बोलवायचा. दोन वावरांत मशीन तिनंच चालवलं. गावातली म्हातारी माणसं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन बघत उभी राहिली.

जानेवारीत तूर कापायची वेळ आली तेव्हा मशीन कामाचं नव्हतं. तूर विळ्यानंच, वाकूनच कापावी लागते. म्हणून सुनिलला बोलावलं, फटाके आणले, एकानं कापायचं आणि एकानं शेजारी काठी घेऊन उभं राहायचं असं ठरलं. नीलिमा काठी घेऊन उभी राहिली. पाच झाडं कापून व्हायच्या आतच तिला घाम फुटला आणि ती धुऱ्यावर येऊन बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठली. असं दिवसभर चाललं.

जूनमध्ये पेरणीची बोलणी निघाली. ज्योत्स्ना म्हणाली, यंदा नाल्याकडं तूर नाही. नाल्याकडं नुसतं सोयाबीन, म्हणजे जनावर दुरून दिसेल. तूर रस्त्याच्या अंगाला, एका पट्ट्यात. दादाजींना पटलं नाही. सोयाबीनमध्ये तुरीचे तास घालायचं ते त्यांच्या बापापासून चालत आलं होतं. पाऊस दगा देईल तेव्हा एक पीक तरी हाती लागतं, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस म्हातारा जेवताना ताटाकडेच बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तुरीच्या बियाण्याची थैली खांद्यावर टाकून रस्त्याकडच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. ज्योत्स्ना तिफणीशी होती.

"कुठून सुरू करायची तुही तूर?" त्यानं विचारलं. "सांग लवकर. ऊन चढून राह्यलं."